मे महिन्यात तीर्थनला ट्राउटसाठी जाताना: हरिपूरहून आलेल्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही सांगलीजवळच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावर लहानपणापासून गळ टाकत आलेले. येत्या मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की घरच्यांना घेऊन पाच दिवस कुलूच्या बाजूला जायचं आहे आणि त्यातच फ्लाय फिशिंगने, म्हणजे आमिषाऐवजी पिसा-दोऱ्याची खोटी माशी (फ्लाय) टाकून, ट्राउट हा गार पाण्यातला मासा धरायचा आहे. रॉड कोणता घेऊ, कणकेच्या गोळीवर ट्राउट लागतो का, आणि व्हिडिओत दिसतो तो स्टीलहेड भारतात कुठे मिळतो, हे तुमचे तीन प्रश्न. तिन्हींचं उत्तर देतो, पण सुरुवात रॉडपासून करत नाही, कारण तुमची खरी अडचण तिथे नाही.

मी साताऱ्याचा. कुलूतल्या तीर्थन नदीवर पहिल्यांदा गेलो त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून वर्षातून एकदा, जमलं तर दोनदा जातो, आणि अलीकडे आपल्या भागातली तीन-चार नवी माणसं सोबत नेतो. त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच, कृष्णा, कोयना, वारणा नाहीतर नीरेवर हात बसलेले. चिकाटी भरपूर, मासा टोचला की बोटाला लगेच कळतं. तरीही पहिले दोन दिवस ते रिकाम्या हाताने परततात. मी त्यांच्या बाजूला उभा राहून बघत आलोय. बहुतेक वेळा कारण दोनातलं एक असतं. एक तर ते नदीवर चुकीच्या वेळी उभे असतात, नाहीतर वर्षानुवर्षं दोरा ताणून धरायची सवय त्यांचा हात सोडत नाही. तुमच्या पाच दिवसांत जे काही होईल ते या दोन गोष्टींवर ठरणार आहे.

आधी वेळेचं बघू. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण ब्राऊन ट्राउट थंडीच्या त्या दिवसांत नदीतल्या खड्यांत अंडी घालतो. मार्चला हंगाम उघडतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी आणि नितळ, पण हात बधिर करणारं गार. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून नदी फुगते, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ती गढूळ करतो, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत पुन्हा ती शांत, काचेसारखी होते. तुम्ही एकटे जाणार असता तर मी सरळ म्हटलं असतं, दसरा-दिवाळीच्या मधे या. पण मुलांची सुट्टी मे महिन्यात आहे, आणि घरच्यांना घरी ठेवून जाण्यापेक्षा त्यांना नदी दाखवणं मला जास्त मोलाचं वाटतं. तेव्हा मे महिन्यातच कसं जमेल ते सांगतो.

बर्फ दिवसा वितळतं. ते पाणी वरच्या उतारांवरून खोऱ्यात यायला काही तास लागतात. म्हणून दुपार कलली की नदी चढू लागते, पाण्याला राखाडी झाक येते, आणि रात्री वर गारठा पडला की पहाटेपर्यंत ती पुन्हा उतरते. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या खालच्या अंगाला एक बसका दगड मी खुणेचा धरलाय. मे महिन्यात सकाळी सहाला त्याचा खांदा कोरडा असतो आणि चार वाजता त्याच खांद्यावरून पाणी वाहत असतं. नव्या माणसाची सहल इथेच फसते. तो नाश्ता करून, ऊन अंगावर घेत अकराला नदीवर येतो आणि नदी चढायला लागेपर्यंत त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन तास उरतात. तुम्ही पाचला उठा. साडेपाच ते साडेनऊ हे तुमचे तास. घरचे चहाला बसतील तेव्हा तुम्ही परत आलेले असाल, आणि उरलेला दिवस त्यांना द्या. जिभी आहे, जलोरी खिंड आहे, मुलांना तिथे बर्फाचा एखादा पट्टा अजून सापडू शकतो.

अर्थात हे सगळं त्या वर्षीच्या बर्फावर अवलंबून आहे. हिवाळ्यात बर्फ कमी पडलं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात दिवसभर पाणी चांगलं मिळतं. जास्त पडलं असेल तर मुख्य नदी सकाळीसुद्धा जोरात असते. अशा वेळी मी तीर्थनचा नाद सोडतो आणि गुशैणीला तिला येऊन मिळणाऱ्या फलाचनमध्ये शिरतो. ओढ्यासारखं पात्र, दगडामागे दगड, प्रत्येक दगडामागे गुडघाभर खोल डबकं. मासे लहान, पण नव्या हाताला शिकायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. आणि तुमचे पाच दिवस म्हणजे नदीवरचे पाच की प्रवासासकट पाच, तेही बघा. मिरज-सांगलीहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, तिथून मनालीच्या रात्रीच्या बसने औट, आणि औटहून बंजारकडे वळायचं, यात जाता-येता चार दिवस जातात. नदीवर निदान तीन सकाळी हाती लागल्या पाहिजेत. पहिली सकाळ हात बसवण्यातच जाते.

पाण्याचा गारवा हा या माशाचा प्राण आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ट्राउट १० ते १६ अंश सेल्सिअस पाण्यात मजेत असतो. २० च्या पुढे त्याचा जीव घुसमटू लागतो. याचं एक मोठं कारण प्राणवायू. समुद्रसपाटीच्या हिशेबाने १० अंशाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. आपल्या मरळला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून तो उन्हाळ्यात चिखलाच्या डबक्यातही तग धरतो. ट्राउटला ती सोय नाही. मी दोऱ्याला बांधलेला थर्मामीटर खिशात ठेवतो, पहिला कास्ट, म्हणजे फ्लायची पहिली फेक, टाकण्याआधी तो पाण्यात सोडतो आणि दोन मिनिटं थांबतो. ७ अंश आले तर फ्लाय तळाशी, अगदी हळू. ११-१२ आले तर मासा वर येऊन खाईल अशी आशा धरायला हरकत नाही. १९-२० आले तर मी काठी, म्हणजे रॉड, गुंडाळतो. तीर्थनवर अजून तशी वेळ आली नाही, पण खालच्या पट्ट्यात जूनमध्ये येऊ शकते. एवढ्या उबेत दमवलेला मासा सोडला तरी पुढे जगत नाही.

दरवर्षी मला कुणीतरी विचारतं की महाबळेश्वरला वेण्णा लेकवर डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं, मग तिथे ट्राउट का सोडत नाहीत? माशाला तिथे बारा महिने राहायचं असतं. साडेचार हजार फुटांवरच्या उथळ तळ्याचं पाणी एप्रिल-मेमध्ये किती तापतं यावर त्याचं जगणं ठरतं. एका पहाटेच्या दवाने काही होत नाही. दक्षिणेत निलगिरीवर रेनबो ट्राउट रुजला तो त्याहून बराच वर, साडेसहा-सात हजार फुटांवर. कुलूतला ट्राउटही मूळचा तिथला नाही. स्कॉटलंडहून आणलेली ब्राऊन ट्राउटची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये तगली, आणि काश्मीरमधून १९०९ साली ती कुलूत आली. बियासच्या खोऱ्यात ती रुजली, कारण तिथलं पाणी मे-जूनमध्येही गार राहतं. ज्या बर्फाच्या पाण्याने तुमची दुपार वाया जाणार आहे, त्याच पाण्यावर तो मासा इथे शंभरहून जास्त वर्षं जगलाय.

आता हाताचं. हे जरा लांबणार आहे, पण तुम्हाला सर्वांत जास्त उपयोग याचाच होईल.

आपण गळ टाकतो तेव्हा वजन टोकाला असतं. शिसं आणि आमिष मिळून पुढे उडतात आणि मागून तंगूस जातो. फ्लायला वजनच नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून बांधलेली ती माशी तळहातावर ठेवली तर डोळे मिटून कळणार नाही. म्हणून इथे वजन जाड दोऱ्यात, म्हणजे लाइनमध्ये घातलेलं असतं. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात आणि तेवढ्या वजनाने रॉड वाकतो. लाइन मागे नेली की ती पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे आणायची. तुमच्या गावात बैलांवर आसूड ओढणारी जुनी माणसं पाहिली असतील, आसूड मागे पसरल्याशिवाय पुढे ओढला तर आवाजही निघत नाही आणि तो ओढणाऱ्याच्याच अंगाला गुंडाळतो. फ्लायचंही तसंच. मागे जो क्षणभर थांबा असतो तो नव्या माणसाला फार मोठा वाटतो, म्हणून तो घाई करतो. मी सोबतच्यांना मान वळवून मागे बघायला सांगतो. लाइन सरळ झालेली डोळ्यांनी एकदा दिसली की पुढचं आपोआप जमतं.

कास्ट जमला तरी अर्धंच काम झालं. गळाच्या मासेमारीत आपण ताण जपतो. दोरा सैल पडला की मासा टोचल्याचं कळत नाही, हे लहानपणी आपल्याला कुणीतरी शिकवलेलं असतं आणि ते खरं आहे. फ्लायमध्ये बरोबर उलटं करावं लागतं. ट्राउट दगडाच्या आडोशाला तोंड वरच्या अंगाला करून उभा असतो आणि प्रवाहातून वाहत येणारा किडा टिपतो. किडा पाण्याच्या वेगानेच वाहत येतो, तसूभर कमी-जास्त नाही. तुमची लाइन मात्र चार वेगवेगळ्या धारांवर पडलेली असते. मधली जोराची धार लाइनला ओढते, लाइन फ्लायला ओढते, आणि फ्लाय पाण्यावर आडवी रेघ मारत पळू लागते. ट्राउटला ते लगेच खोटं वाटतं. म्हणून लाइन पडल्यापडल्या मधला भाग रॉडच्या टोकाने अलगद उचलून वरच्या अंगाला ठेवायचा, म्हणजे धारेला ओढायला थोडी सैल लाइन मिळते आणि तेवढे दोन-तीन सेकंद फ्लाय मोकळी वाहते. याला मेंड म्हणतात. त्या दोन-तीन सेकंदांतच मासा लागतो. तुमचा हात त्या सैलपणाला घाबरेल, दर वेळी लाइन ओढून घ्यावीशी वाटेल. कऱ्हाडच्या एका सोबत्याचा हात तर इतका पक्का होता की तिसऱ्या दिवशीपर्यंत मी त्याला फक्त मोठ्याने आकडे मोजायला लावले. एक, दोन, तीन, मग उचल. तिसऱ्या सकाळी 'दोन'ला लाइनचं टोक थांबलं आणि त्याने काठी उचलली. वीतभर ट्राउट होता, पण तो माणूस काठावरच्या गोट्यांवर खाली बसला.

हा सराव तिकडे जाऊन करू नका. दिवस फार थोडे असतात. घरी करा, आत्तापासून. आधी मोकळ्या मैदानात, टोकाला गळ न लावता लोकरीचा लहान धागा बांधून. ३० फुटांवर एक परात ठेवा आणि धागा परातीत पडेल असं बघा. साठ फूट टाकायची हौस नको. तीर्थनवर माझे बहुतेक मासे २५ ते ३० फुटांच्या आत लागलेत. आठवड्यातून चार दिवस, रोज वीस मिनिटं. एका रविवारी चार तास करण्यापेक्षा हे बरं, कारण खांदा दमला की हात चुकीचं शिकतो. मग नदीवर या. मी संगम माहुलीच्या घाटावर, वेण्णा कृष्णेला मिळते तिथे, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सकाळी जातो. पायऱ्यांशी संथ पाणी आणि पलीकडे जरा वेगाची धार, मेंड शिकायला हेच हवं असतं. चिलापी लहान फ्लाय घेतो. ट्राउटएवढा तो चिकित्सक नाही, पण हाताला विश्वास देतो. तुम्हाला हरिपूरला पाणी कमी असताना अशी जागा सहज सापडेल.

धरणांवर मात्र विचारल्याशिवाय जाऊ नका. आपल्याकडे जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची परवानगी घ्या. भोई लोक त्या पाण्यावर पोट भरतात, आपण हौसेने आलेलो असतो. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा परिसर अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात येतो, तिकडे हा विचारच नको. आणि सरावात कधी चुकून खडस लागला, म्हणजे आपला दख्खनी महसीर, तर त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा. हा मासा शास्त्राच्या नोंदीत १८३९ साली आपल्याच मुळा-मुठेच्या पाण्यातून गेला, आणि आज सह्याद्रीच्या नद्यांत तो दिसला तरी मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

तिकडे पोचल्यावर पहिल्या सकाळी काठी उघडू नका. पाण्याच्या कडेला बसा आणि नारळाएवढा एक दगड उचलून उलटा करा. मी हे नव्या माणसाकडून करून घेतो. गेल्या वेळी नागिणी गावाजवळ उचललेल्या दगडाच्या पोटाला वाळूचे कण चिकटवून केलेल्या लहान नळ्या होत्या, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातून काळं डोकं बाहेर काढणारी अळी कॅडिसची. शेजारी चपटा, दगडाला पोट लावून सरकणारा, मागे तीन बारीक शेपट्या असलेला किडा मेफ्लायचा. आणि एक जरा मोठा, दोन शेपट्यांचा, पिवळसर, स्टोनफ्लायचा. तो किडा फक्त स्वच्छ, गार, भरपूर प्राणवायूच्या पाण्यात राहतो. ट्राउटचं बहुतेक खाणं हे असं पाण्याखालचं असतं. म्हणून मे महिन्यातल्या सकाळी मी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायऐवजी निंफ, म्हणजे पाण्याखाली वाहणारी फ्लाय, आधी लावतो. पेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबरच्या, इतक्यावर माझ्या निम्म्याहून जास्त सकाळी गेल्यात. (आकडा मोठा तसा गळ लहान, हे लक्षात ठेवा.) माशी उडताना दिसली आणि पाण्यावर गोल वलयं उठू लागली तर एल्क हेअर कॅडिस किंवा अ‍ॅडम्स, या तरंगणाऱ्या फ्लाय. पाणी राखाडी असेल तर काळा वुली बगर, दगडाच्या अगदी लगत. एवढं पुरे. पेटीभर फ्लाय घेऊन गेलेला माणूस गाठी मारण्यातच सकाळ घालवतो.

मासा कुठे असतो हे तुम्हाला निम्मं ठाऊकच आहे. डोहाच्या तोंडाशी, जोराची धार संथ पाण्याला घासते त्या रेषेवर, मोठ्या दगडाच्या पुढच्या उशीत आणि मागच्या सावलीत. त्याला कमी कष्टात जास्त खाणं हवं असतं. फक्त एक लक्षात घ्या, त्या नितळ पाण्यात तो तुम्हाला आधी बघतो. त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने, वाकून जवळ जा. पांढरा शर्ट नको. पहिला कास्ट काठाजवळच्या पाण्यात टाका, लांबच्या सुंदर डोहात नाही, कारण मासा पुष्कळदा तुमच्या पायाशीच असतो आणि तुम्ही तो तुडवून पुढे जाता.

आता जिवाची गोष्ट, आणि सांगलीकराला ती मी मुद्दाम सांगतो. तुम्हाला पूर माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तुमच्या घरातलं लहान मूलही सांगेल. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाही ते दिवसादिवसाने चढत गेलं, रेडिओवर, फोनवर आकडे येत होते. म्हणून आपल्या मनात पूर म्हणजे चाहूल देऊन येणारी गोष्ट असते. डोंगरातली नदी तशी वागत नाही. वर ढग फुटला किंवा धरणाचं दार उघडलं तर काही मिनिटांत पाणी कमरेवर येतं. ८ जून २०१४ ला बियासवर थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या दगडांवर फोटो काढत उभे होते. लारजी हे तीर्थन बियासला मिळते तिथलंच ठिकाण. म्हणून धरणाच्या खालच्या बियासमध्ये मी कुणालाही उतरू देत नाही, कितीही मोठा मासा असला तरी. वर तीर्थनमध्येही गुडघ्याच्या वर पाणी नको, बांबूची काठी हातात हवी, आणि नदीचा आवाज बदलला, पाण्यात पानं-काटक्या येऊ लागल्या, रंग बदलला, की लाइन गुंडाळायच्या आधी काठावर. दुसऱ्या वर्षी मी शेवाळलेल्या दगडावरून घसरून छातीपर्यंत पाण्यात गेलो होतो. बाहेर यायला मिनिटभर लागलं असेल, पण नंतर अर्धा तास बोटांना बूटांची नाडी सोडता येत नव्हती. तेव्हापासून कोरडे कपडे पाठीवर असल्याशिवाय मी नदीवर जात नाही, आणि मुलांना मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय काठावर सोडत नाही.

रॉड. ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा, म्हणजे तो गाडीत, बसमध्ये मावतो. त्याला साजेशी तरंगणारी लाइन, ९ फुटी लीडर, म्हणजे लाइनच्या पुढे जोडायचा निमुळता तंगूस, आणि ५एक्सचा टिपेट. टिपेट म्हणजे टोकाचा सर्वांत बारीक तंगूस. ४एक्स जरा जाड, गढूळ पाण्यासाठी तोही थोडा ठेवा. रीलवर पैसे घालू नका, इथे ते लाइन ठेवायच्या फिरकीइतकंच काम करतं. पैसे घालायचे तर लाइनवर घाला, स्वस्त लाइन हाताला वळणच लागू देत नाही. शक्य असेल तर पहिल्या सहलीला रॉड विकत घेऊच नका. खोऱ्यात राहण्याच्या बऱ्याच ठिकाणी वाटाड्यासोबत रॉड मिळतो. स्थानिक वाटाड्या एक दिवस तरी घ्या, नदी त्याच्या अंगणात आहे. पण सराव करायचा तर घरी काठी हवी, म्हणून एखाद्या मित्राची आणता आली तर उत्तम.

कणकेची गोळी मात्र घरीच ठेवा. आमिष मासा गिळतो, गळ घशात जातो आणि तो सोडवताना मासा मरतो. फ्लाय ओठाला लागते. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, मग हाताच्या एका झटक्यात तो सुटतो. हात आधी पाण्यात भिजवा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला बुरशी धरते. वर उचलून फोटो काढायचाच असेल तर तुम्ही जेवढा वेळ श्वास रोखू शकता त्याच्या आत. मग तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः शेपूट मारून जाईपर्यंत. घरच्यांना ट्राउट खायचाच असेल तर खोऱ्यात ट्राउटची तळी आहेत, तिथला ताजा मासा तव्यावर छान लागतो. नदीतला नदीत राहू द्या. आणि हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना घेतल्याशिवाय एकही कास्ट नको. मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारलं तर ते कुठे मिळतो ते सांगतात.

राहिला स्टीलहेड. तो भारतात कुठेच मिळत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. स्टीलहेड ही वेगळी जात नाही, तो आपला रेनबो ट्राउटच. पॅसिफिकच्या कडेने, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला आणि रशियाच्या कामचात्काला, काही रेनबो ट्राउट नदीत जन्मून समुद्रात जातात, तिथे एक ते तीन वर्षं वाढतात आणि अंडी घालायला जन्मनदीत परत येतात. समुद्रात अंगावर चांदीचा रंग चढतो, वजन कितीतरी पट वाढतं. आपल्याकडचा रेनबो डोंगरातल्या गार पाण्याचा कैदी आहे. बियासमधून खाली निघाला तर पंजाबच्या तापल्या मैदानातच संपेल, समुद्र फार लांब राहिला. तुम्ही लिहिलंय की मेहुणे पोर्टलँडला असतात. म्हणजे ऑरेगनच्या नद्या त्यांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. मी एकदा सप्टेंबरमध्ये तिथल्या डेशूट्स नदीवर पाच दिवस होतो. पाच दिवसांत एक ओढ, तीही सुटली. तिथे हजार कास्टचा मासा म्हणतात तो उगाच नाही. परतीच्या वाटेवर तो फारसा खातच नाही, त्यामुळे फ्लाय वाहू देण्याऐवजी ताणलेल्या लाइनने प्रवाहात आडवी फिरवतात, बारा-तेरा फुटी दोन हाती काठीने. म्हणजे तुमचा ताण शोधणारा हात तिथे उलट कामाला येईल. नियम मात्र दर वर्षी, दर नदीला बदलतात. पाठीच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. तो शाबूत असला तर मासा रानटी, बहुतेक ठिकाणी सोडावाच लागतो. कापलेला असला तर हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. बऱ्याच नद्यांत रानटी स्टीलहेड इतका घटलाय की पूर्ण हंगाम बंद ठेवतात. जायचं ठरलं तर त्या वर्षीचे नियम आधी वाचा, मगच तिकीट काढा.

तुमच्या पाच दिवसांचं मी असं मांडेन. पहिल्या संध्याकाळी फक्त नदी बघायची, खुणेचा दगड ठरवायचा. पहिली सकाळ वाटाड्यासोबत मुख्य नदीवर, दुसरी तुम्ही एकटे फलाचनमध्ये, तिसरी जिथे मासा दिसला असेल तिथे. एखाद्या संध्याकाळी पाणी फार चढलं नसेल तर मुलीला घेऊन काठावर बसा. तुम्ही लिहिलंय ती नऊ वर्षांची आहे आणि तुमच्यासोबत संगमावर येते. तिला दगड उलटा करून बघायला द्या.

मेपर्यंत वेळ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये रविवारी सकाळी साडेसहाला मी माहुलीच्या घाटावर असतो. साताऱ्याला येणं झालं तर या. काठी माझी वापरा, येताना फक्त टोपी आणि चष्मा आणा. मागून येणारी फ्लाय कान आणि डोळा ओळखत नाही.